जेजुरीत अडलेली गाडी

माझा धाकटा भाऊ मल्हारी पुण्याच्या तुरुंगात होता, तेव्हा एक दिवस त्याने आम्हाला भेटायचं बंद केलं. का बंद केलं हे तो सांगत नव्हता, आणि दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हतं. नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे. मला लहानपणापासून चौकशीची खोड. आमचे मालक म्हणतात, हिला उद्या देव भेटला तर ही आधी त्याला गाव विचारेल आणि मग पाया पडेल. पण या एका प्रश्नाने मला अगदी टेकीला आणलं होतं. त्याचं उत्तर कसं मिळालं ते लिहून काढावं असं बरेच दिवस मनात आहे. त्याला काय नाव द्यायचं ते वाचणाऱ्याने ठरवावं. मी जसं घडलं तसं सांगते.

माझं माहेर निरवांगीचं. आजोबांच्या काळापर्यंत आमची माणसं मेंढरं घेऊन मुलूखभर फिरायची. पुढे पाटाचं पाणी आलं, वडिलांनी जमिनीत जीव घातला, ऊस उभा केला. वडील लवकर गेले. मल्हारीने शेती सांभाळली, पण मेंढरांची हौस काही त्याला सोडवली नाही. थोडी मेंढरं त्याने ठेवलीच. एका दुपारी ती शेजाऱ्याच्या कोवळ्या उसात शिरली. आधी बोलाचाली झाली, मग शिवीगाळ, मग काठ्या निघाल्या. मल्हारीची काठी त्या माणसाच्या डोक्यात बसली. माणूस वाचला, पण त्याचा उजवा हात कायमचा लुळा पडला. मल्हारीने कोर्टात काही लपवलं नाही. शिक्षा झाली. त्याच्या हातून वाईट घडलं होतं आणि ते त्याने फेडायला हवं, यात आमच्या घरात कोणाचं दुमत नव्हतं. आईचंही नव्हतं. आईचा राग होता तो खंडोबावर.

खंडोबा आमचं कुलदैवत. मल्हारी हे नाव त्याचंच. लग्नानंतर बरीच वर्षं आईला मुलगा नव्हता, तो तिने जेजुरीला जाऊन मागून घेतलेला. शिक्षेचा निकाल लागला त्या संध्याकाळी ती देवघरासमोर बसली आणि शेजारणीशी भांडावं तशी देवाशी भांडली. "तूच दिलास ना रं मला? नाव तुजं लावलं, दर वर्साला तुज्या पायावर घातला. आन् ती काठी उचलीत हुता तवा तू कुठं हुतास? आता माजं लेकरू सुटून घरी येईस्तवर तुजी पायरी चढायची न्हाय म्या. घे." तेव्हापासून तिने कपाळाला भंडारा लावायचं सोडलं. देवापुढे दिवा मात्र ती रोज लावायची, पण मान फिरवून. मी एकदा विचारलं, रुसलीस तर दिवा कशाला लावतेस? म्हणाली, "भांडान माजं हाय. त्येला अंधारात कशाला बसवू?"

पहिल्या मुलाखतीला आम्ही दोघी गेलो. तुरुंगात भेटीला मुलाखतच म्हणतात. एक लांबट खोली, मधोमध दोन जाळ्या, त्या दोन्हींच्या मध्ये माणूस चालेल एवढी मोकळी जागा. जाळीच्या अलीकडे आपण, पलीकडे ते, आणि सगळे एकाच वेळी ओरडून बोलणार. मी सगळीकडे टकामका बघत होते. मल्हारी पांढऱ्या कपड्यांत आला. ते कपडे त्याला ढगळ होत होते. आईने त्याला घरचं सगळं सांगितलं, मेंढरांचं सांगितलं, आणि शेवटी मोठ्या अभिमानाने सांगितलं, "तुज्यासाठी म्या देवाशी बोलनं टाकलंय. तू आल्याबिगर जेजुरी न्हाय." मल्हारीने मान खाली घातली. वेळ संपली म्हणून आम्ही निघालो.

त्याच्यानंतर जे काही झालं त्याचा मला थांगपत्ता लागेना. पुढच्या महिन्यात गेलो, नाव सांगितलं, बसून राहिलो. शिपाई आत जाऊन आला आणि म्हणाला, "नको म्हणतोय." असं कैद्याला म्हणता येतं हेच आम्हाला माहीत नव्हतं. त्याच्या पुढच्या महिन्यात तसंच, त्याच्या पुढच्याही. पोस्टकार्डं टाकली, उत्तर नाही. मी चौकशीला लागले. आजारी आहे का? नाही. मारहाण होते का? तसंही नाही. कोणाशी बोलतो का? फारसा नाही. इंदापूरकडचा एक माणूस शिक्षा संपवून सुटला, त्याच्या घरी जाऊन मी त्याला खोदून खोदून विचारलं. तो बिचारा म्हणाला, "ताई, भांडत न्हाय, रडत न्हाय. जेवनावर वासना न्हाय त्याची. आर्धी भाकर दुसऱ्याला देतो. घरचं नाव काढलं की उठून जातो." हे मी आईला सांगितलं नाही, पण तिला सांगायची गरजच नव्हती. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "असाच मिटत गेला तर सुटायच्या आदीच हातचा जाईल गं." त्या दिवशी मी पहिल्यांदा घाबरले.

तरी आम्ही जात राहिलो. आई आदल्या दिवशी निरवांगीहून माझ्याकडे कऱ्हाटीला मुक्कामाला यायची. सकाळी फाट्यावरून आम्ही पुण्याची एसटी धरायचो. मोरगाव आलं की आई गणपतीला दोन्ही हात जोडून, डोळे मिटून, अगदी भरभरून नमस्कार करायची. पुढे जेजुरीचा गड दिसू लागला की सगळी गाडी त्या बाजूला वाकून हात जोडायची, आणि आई मुद्दाम उलट्या खिडकीकडे तोंड करून बसायची. घरी रुसून शेजारी पोटभर जेवावं, तसला प्रकार. मला हसू यायचं आणि वाईटही वाटायचं.

अशातच एका मुलाखतीचा दिवस सोमवती अमावास्येचा आला. त्या दिवशी खंडोबाची पालखी गडावरून खाली उतरते आणि देव कऱ्हा नदीवर अंघोळीला जातो. कुठून कुठून माणूस लोटतं. आमचे मालक रात्री जेवताना म्हणाले, "सोमवती हाय उद्या. गाडी वेळेवर पोचायची न्हाय. पुढच्या खेपंला जावा." आई म्हणाली, "त्येची सोमवती त्येच्यापाशी. माजं पोरगं माज्यापाशी." विषय संपला.

सकाळची पहिली गाडी आलीच नाही. गाड्या जत्रेला वळवल्या होत्या. दुसरी भरून आली आणि थांबलीच नाही. तिसरीत कशाबशा शिरलो. आईला खिडकी मिळाली. जेजुरीच्या अलीकडे गाडीचा वेग मंदावला, आणि मग ती थांबली ती थांबलीच. पुढे माणसंच माणसं. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि तंबाखू मळायला घेतली. मी कंडक्टरला विचारलं, किती वेळ? तो म्हणाला, "पालखी निघाली हाय. देव म्होरं गेल्याबिगर आपुन कसं म्होरं जानार?" मी हिशोब केला. मुलाखतीची वेळ टळणार हे उघड दिसत होतं. खाली उतरून चालत जावं तर आईचे गुडघे चालणारे नाहीत, आणि गर्दीतून जाणार तरी कुठे. मला रडू फुटायच्या बेतात होतं. आई मात्र रागाने लाल झाली होती. ती दातओठ खाऊन पुटपुटली, "आता रस्ताबी आडवतोस व्हय? लेकरू घेतलंस, आता त्येच्याकडं जायाबी दिना झालास?" आमच्या पुढच्या बाकावरच्या म्हातारबुवांनी मागे वळून बघितलं. त्यांना वाटलं, ती कंडक्टरला बोलते आहे.

तेवढ्यात येळकोटाचा गजर जवळ आला. पालखी आमच्या गाडीला जवळजवळ घासून जात होती. लोक मुठी भरभरून भंडारा उधळत होते. आईने सवयीने तोंड आत वळवलं, माझ्याकडे. आणि नेमका त्याच वेळी खिडकीतून भंडाऱ्याचा लोट आत आला. तिच्या डोक्यावर, मानेवर, पाठीवर, मांडीवर, सगळीकडे. ती खोकली, शिंकली. क्षणभर मला वाटलं, आता ही आणखी भडकणार. पण ती मांडीवर साचलेल्या त्या पिवळ्या ढिगाकडे बघत राहिली. मग तिने तो दोन्ही हातांनी हळूहळू गोळा केला, बाकावर सांडलेला बोटांनी टिपला आणि पदराच्या टोकाला गाठ मारून बांधला. माझ्याकडे न बघता म्हणाली, "पायाखाली याया नगं." एवढंच. पण नंतर पुण्यापर्यंत तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते तिने पुसलं नाही.

तुरुंगाच्या दारात पोचलो तेव्हा मुलाखतीची वेळ संपून गेली होती. लोक परतीला लागले होते. दारावरचा हवालदार उंचापुरा, मिशीवाला, एरवी ज्याच्याशी बोलायची माझीसुद्धा छाती होत नसे असा. तो आम्हाला बघताच हात हलवून म्हणाला, "झालं, झालं. आता पुढच्या महिन्यात." मी गयावया करायला लागले, गाडी अडली, असं झालं, तसं झालं. तो ऐकेना. मग त्याची नजर आईच्या पदराकडे गेली. "त्या गाठीत काय आहे? सोडा." आईने गाठ सोडली. हवालदार बघत राहिला. त्याने विचारलं, "आजचा?" आई म्हणाली, "आजचा. पालखीचा." तो म्हणाला, "मी सासवडकडचा. इतक्या वर्षांत सोमवती कधी चुकली नव्हती माझी. औंदा रजा न्हाय मिळाली." असं म्हणून त्याने डोक्यावरची टोपी काढली, काखेत धरली आणि तो आईपुढे वाकला. आईने त्याच्या कपाळावर बोटं टेकवली. दोन पिवळे पट्टे उठले. ज्या हाताने तिने कित्येक महिने स्वतःला भंडारा लावला नव्हता, त्याच हाताने तिने तो परक्या माणसाला लावला.

"कुणाला भेटायचंय?" त्याने विचारलं. मी मल्हारीचं नाव सांगितलं आणि खरं तेही सांगितलं, की तो येत नाही. हवालदार म्हणाला, "साहेबांना विचारून बघतो. तो येईल न येईल ते मी कसं सांगू?" भंडारा आत नेता येणार नाही म्हणून त्याने तो कागदात बांधून स्वतःपाशी ठेवला. मग आत गेला. आम्ही दोघी बाकड्यावर बसलो. मी आईला म्हणाले, फार आशा धरू नकोस. ती म्हणाली, "न्हाय धरत." आणि खरंच तिचा चेहरा तसा होता. दरवेळी ती दाराकडे टक लावून बसायची, त्या दिवशी तिने भिंतीला डोकं टेकून डोळे मिटले होते.

हवालदार परत आला आणि म्हणाला, "चला. येतोय."

खोलीत आम्ही दोघीच होतो. पलीकडे मल्हारी आणि त्याच्यासोबत दुसरा एक कैदी, सफाईला आलेला. मल्हारी इतका वाळला होता की मला हुंदका आला. तो जाळीला धरून आईकडे बघत होता, तिच्या पिवळ्या केसांकडे, पिवळ्या मानेकडे. त्याने पहिला शब्द काढला तो असा, "आई, गडावर गेलीस?" इतक्या महिन्यांनी भेटल्यावर पहिला प्रश्न हा? मला काही उमगेना. आईच्या घशातून आवाज फुटत नव्हता. ती नुसती जाळीला बिलगली. हात आत जाईना, बोटंही धड जाईनात. तिने एकदा जाळीकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे, आणि मग एक पाऊल मागे सरून दोन्ही हातांनी पदर धरला आणि जोरात झटकला. पदरात, चुण्यांत जो काही भंडारा उरला होता तो उडाला. वरच्या झरोक्यातून ऊन येत होतं, त्यात तो दोन जाळ्यांच्या मधल्या जागेत तरंगत राहिला. पलीकडे पोचला की नाही, मी डोळे फाडून बघत होते, मला सांगता येत नाही. पण मल्हारीने मान वाकवली आणि कपाळ जाळीला टेकवलं. तो सफाईवाला कैदी झाडू खाली ठेवून म्हणाला, "आजी, हिकडं बी एकदा." आईने पुन्हा पदर झटकला. हवालदार आमच्याकडे पाठ करून उभा होता.

मग ते दोघं बोलले. मल्हारीने विचारलं, लंगडी मेंढी हाय का? तिला कोण चारतं? आई म्हणाली, हाय, व्यायली, कोकरू तुज्यागत हट्टी हाय. तो हसला. निघताना मी ओरडून विचारलं, पुढच्या महिन्यात येशील ना? तो म्हणाला, "येतो, आक्का." आणि तो आला. त्यानंतर शिक्षा संपेपर्यंत त्याने एकही मुलाखत चुकवली नाही. पोस्टकार्डंही यायला लागली, त्यांत बहुतेक मेंढरांच्या चौकशा असायच्या.

परतीच्या गाडीत मी आईला म्हणाले, तो गडाचं विचारत होता, तू गेली नाहीस हे त्याला सांगितलं का नाहीस? आई म्हणाली, "आवाजच फुटंना. आन् त्येला जेवू दी आता. कशाला मोडता घालू?" पायरी चढणार नाही हा तिचा शब्द मात्र तिने पाळला. फक्त त्या दिवसापासून जेजुरी आली की ती उलट्या खिडकीकडे तोंड करीनाशी झाली. गडाकडे सरळ बघायची. हात जोडायची नाही, पण बघायची.

मल्हारी सुटला तेव्हा मी माहेरीच होते. तो आधी त्या लुळ्या हाताच्या शेजाऱ्याच्या दारात जाऊन आला. तिथे काय बोलणं झालं ते त्याने मलासुद्धा सांगितलं नाही, आणि मीही, नवल म्हणजे, विचारलं नाही. रात्री जेवणं झाल्यावर आई म्हणाली, उद्या जेजुरीला जायचं. बोलता बोलता मला राहवेना. मी विचारलंच, "मल्हारी, खरं सांग, तू आमाला भेटायचं का सोडलंवतंस?"

त्याने आईकडे एकदा बघितलं. मग म्हणाला, "आक्का, आईनं सांगितलं ना, तुज्यासाठी देव सोडला. त्या मानसाचा हात घालवला त्ये वझं हुतंच डोक्यावर. त्यात आईचा देवबी माज्यापायी गेला. म्हनलं, मी दिसत ऱ्हायलो की हिचा राग ताजा ऱ्हानार. मी न्हाईसा झालो तर तरी परत जाईल त्येच्याकडं."

आई ऐकत होती. ज्या शपथेने आपण लेकाला धरून ठेवलंय असं तिला वाटत होतं, तिनेच त्याला लांब लोटलं होतं. तिने पदर तोंडाला लावला.

मी विचारलं, "मग त्या सोमवतीला कसा आलास? आमी वेळंवर पोचलो असतो, रोजच्यागत तुजं नाव पुकारलं असतं, तर आला असतास?"

"न्हाय," तो सरळ म्हणाला. "त्या दिशी तर न्हायच, सोमवतीला तरी आईनं गडावर असावं. सकाळीच सांगून ठिवलं हुतं, माजं नाव निघालं तर मला उठवू नगा. पर त्यो हवालदार आत आला तवा कपाळ पिवळं. इचारलं कुनी लावला, तर म्हनला तुज्या आईनं. म्हनलं, चढली बाबा आई गड. सुटला तिचा राग. मग मला कशाला तोंड लपवायचं?"

आईने तोंडावरचा पदर काढला. "न्हाय रं बाळा," ती म्हणाली. "म्या न्हाय चढले. म्या तर तोंड फिरवून बसलेवते. त्योच उतरून आलता."

मल्हारी उठून आईच्या जवळ जाऊन बसला आणि त्याने तिच्या पायांवर डोकं ठेवलं. मध्ये आता जाळी नव्हती. आई त्याच्या केसांतून हात फिरवत राहिली आणि मी, आयुष्यभर तोंड बंद न ठेवलेली बाई, गप्प बसून ते बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं गड चढलो. आई प्रत्येक पायरीला हात लावून कपाळाला लावत होती, त्यामुळे फार वेळ लागला, पण कोणालाच घाई नव्हती. वर गेल्यावर ती देवासमोर नुसती उभी राहिली. काय म्हणालीस, असं मी उतरताना विचारलं. म्हणाली, "काय न्हाय. तुज्याच हातात हाय म्हनलं. आदीबी हुतंच."

त्या दिवशी गाडी अडली म्हणून आई तोंडाने आणि मी मनात देवाला काय काय बोललो ते आठवलं की अजून जीभ चावावीशी वाटते. आपल्याला वाट दिसते ती हातभर, आणि आपण त्याला रस्ता दाखवायला निघतो. माझी चौकशीची खोड काही गेलेली नाही, ती जायचीही नाही. पण एखादं काम अडलं, एखादी गाडी वाटेत थांबली, की मी आता का म्हणून विचारत नाही. खिडकी तेवढी उघडी ठेवते.